क्रूझर आणि पोटातला गोळा

गॅरेजच्या कोपऱ्यात कोणी न ठेवता नटबोल्ट साठत जातात, तसे आमच्या टोळक्यात घाबरल्याचे किस्से साठलेत. एक काढायला जावं तर दुसरा हाताला लागतो.

लोकांना वाटतं, रायडर म्हणजे शूर माणूस. काळं जॅकेट, जाडजूड बूट, खाली धडधडणारी क्रूझर बाइक. खरं सांगू? ही गाडी घेतल्यापासून मी जेवढा घाबरलोय, तेवढा दहावीच्या निकालालाही घाबरलो नव्हतो!

मी सतीश. राहायला बदलापूर, नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात. दर रविवारी सकाळी आम्ही उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमधल्या हरेशभाईंच्या गॅरेजवर जमतो. हरेशभाई सिंधी, साठीचे, गाड्या कापून जोडून नव्या करण्यात उस्ताद. दुसरा अंबरनाथजवळच्या पालेगावचा जनुदादा. शंभर किलोचा आगरी गडी, गळ्यात बोटाएवढी चेन. आणि तिसरी नीलम, उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. आमच्यात सगळ्यात चांगली गाडी तीच चालवते. हे जनुदादासमोर बोलायचं नाही.

*

पहिला किस्सा माझ्याच गाडीचा. मला हँडल उंच हवं होतं, अगदी खांद्यापर्यंत. हरेशभाईंनी आठ दिवस खपून बसवलं. गाडी अशी दिसायला लागली की सिग्नलला रिक्षावाले फोटो काढायचे!

गॅरेजवरून बदलापूरपर्यंत मी राजासारखा आलो. सोसायटीच्या गेटशी डावीकडे वळायला हँडल पूर्ण फिरवलं, आणि गाडीने आपोआप रेस घेतली! मी ॲक्सिलरेटर सोडून दिलेला, तरी गाडी सुसाट. घाबरून हँडल आणखी वळवलं, तर आणखी सुसाट!

वॉचमनकाका खुर्चीत बसले होते. त्या वयाचा माणूस एवढी उंच उडी मारताना मी तरी पाहिलेला नाही. खुर्चीचे तुकडे झाले. मी पुढच्या रेतीच्या ढिगात घुसलो आणि गाडी बंद पडली.

हरेशभाई स्कूटरवरून धावत आले. हँडल फिरवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. हँडल उंच झालं होतं, केबल जुनीच होती. डावीकडे वळलं की केबल ताणली जायची आणि रेस वाढायची.

"साईं," ते म्हणाले, "नई केबल आने तक आप लेफ्ट मत मारो!"

गेटशी जमलेले आम्ही सगळे हसलो. पण हरेशभाई हसत नव्हते. ते वॉचमनकाकांसमोर उकिडवे बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "बाबा, मेरी गलती. इस लडके की नहीं."

त्यानंतर त्यांनी नियम केला. कुठलीही गाडी द्यायच्या आधी मागच्या मैदानात ते स्वतः तिच्यावर बसून दहा वेळा डावीकडे आणि दहा वेळा उजवीकडे वळतात. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "अंकल, एवढं कशाला?"

हरेशभाई म्हणाले, "पहले मैं मरेगा, फिर कस्टमर!"

*

जनुदादा कुणाच्या बापाला भीत नाही. फक्त कुत्र्यांना भितो.

पालेगावात त्याच्या जुन्या घराच्या वाटेवर पाचसहा कुत्री बसतात. त्याची क्रूझर आली की झाडून सगळी मागे लागायची. हा एवढा मोठा माणूस दोन्ही पाय उचलून टाकीवर घ्यायचा आणि "हाड! हाड!" करत घरी पोचायचा.

एकदा संध्याकाळी बरोब्बर कुत्र्यांच्या मधोमध गाडी बंद पडली. जनुदादा सीटवर उभा राहिला! तिथून मला फोन लावला. "सत्या, लवकर ये. ही मना फाडतान!"

मी अंबरनाथलाच होतो, दहा मिनिटांत पोचलो. पाहतो तर जनुदादा घामाघूम, सीटवर पुतळ्यासारखा उभा, आणि कुत्री आजूबाजूला आरामात लोळत पडलेली. एक तर झोपलं होतं.

ओट्यावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "अरं जना, उतर खाली. ती गारीवर भुकतान रं, तुज्यावर नाय!"

*

नीलमचा किस्सा वांगणीचा. रविवारची सकाळ, कर्जतच्या दिशेने आम्ही तिघे निघालो होतो. नीलम पुढे. हेल्मेटची काच तिने बोटभर उघडी ठेवली होती आणि तेवढ्या फटीतून गांधीलमाशी आत शिरली.

चालत्या गाडीवर, हेल्मेटच्या आत, डोळ्यासमोर गांधीलमाशी! माझं काय झालं असतं, मला माहीत आहे. मी गाडी सोडून दिली असती.

नीलमने इंडिकेटर दिला. आरशात पाहिलं. गिअर एकेक करून उतरवले. गाडी बाजूला घेतली, स्टँड लावला, किल्लीसुद्धा काढली. तोवर माशीने पापणीवर एकदा आणि गालावर दोनदा डंख मारला होता.

आणि मग तिने जो नाच केला! हेल्मेट भिरकावलं, जॅकेट फेकलं, केस सुटले, ती गोल गोल फिरत किंचाळत होती. डोळा सुजून बंद होत आला होता. आम्ही पोचेपर्यंत रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या दोन बायका धावत आल्या होत्या. त्यातली एक तिच्या पायावर डोकं ठेवून विचारत होती, "आई, काय चुकलं आमचं? काय मागणं हाय?"

नीलम कशीबशी म्हणाली, "बर्फ!"

त्या बाईने मान वर केली आणि दुसरीला म्हणाली, "बर्फ मागतेय गं! ही कुठली देवी?"

*

मग आम्ही उत्तरेला गेलो. मी, नीलम आणि जनुदादा. गाड्या ट्रकने चंदीगडला पाठवल्या, तिथून हिमाचल. महिनाभर आधीपासून मी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवत होतो. किन्नौरचा तो रस्ता, डोंगराच्या पोटात कोरलेला, डोक्यावर खडक, खाली सतलज. फोटोत फार सुंदर दिसतो.

प्रत्यक्षात समोरून बस आली.

मी दरीच्या बाजूला होतो. बसवाल्याने हाताने खूण केली, आणखी बाहेर सर. मी सरलो. आणखी सर. मी परत सरलो. बूट टेकला तिथून दोन खडे सुटले आणि खाली गेले. ते खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

बस गेली. जनुदादा आणि नीलम पुढे निघून गेले. मी तिथेच उभा. क्लच दाबलेला होता, पण डाव्या हाताची बोटं माझं ऐकत नव्हती. मागे जाता येत नव्हतं, पुढे जाता येत नव्हतं. घरी असलेल्या माझ्या मुलीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर तेही आठवेना. एवढी भीती!

थोड्या वेळाने नीलम चालत मागे आली. "काय झालं?"

"काही नाही. तुम्ही जा. मी इथेच राहतो."

ती हसली नाही. माझ्या गाडीची किल्ली बंद केली, हातमोजा काढून मनगट धरलं आणि नाडी बघितली. मग म्हणाली, "आमच्याकडे टेबलावर पेशंट सांगतात, सिस्टर, भीती वाटते. त्यांना भूल देता येते. तुला देता येणार नाही. तर आता एकच काम कर. माझ्या गाडीचा मागचा लाल दिवा बघ. दरी बघू नकोस, डोंगर बघू नकोस. फक्त दिवा."

मी दिवा बघितला. पुढचं गाव येईपर्यंत दुसरं काहीही बघितलं नाही. किन्नौरचा सगळ्यात देखणा रस्ता मी एका लाल दिव्याकडे बघत पार केला!

चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "नीलम, तुला खरंच कशाचीच भीती वाटत नाही."

तिने कप खाली ठेवला.

"मी पुढे होते रे," ती म्हणाली. "मला डोळे मिटता येत नव्हते!"

*

दोन दिवसांनी नाला आला. तिकडे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळून मांडीएवढं होतं. आम्ही पोचलो दुपारी.

नीलम म्हणाली, "थांबू या. उद्या सकाळी जाऊ."

जनुदादा म्हणाला, "आमी खारीतली मानसं. आज्यानं मिठागरात जन्म काढला. मना पानी नको शिकवू." आणि घातली गाडी.

मधोमध चाक एका गोट्यावर चढलं आणि गाडी आडवी झाली. जनुदादाचा पाय खाली अडकला. पाणी त्याच्या छातीवरून जायला लागलं, मग हनुवटीला लागलं. मी धावत आत शिरलो. ते पाणी गार नव्हतं, ते चावत होतं. गाडी उचलायला गेलो तर माझेच पाय सरकायला लागले. नीलमने मागून जनुदादाचं डोकं वर धरलं होतं.

आणि जनुदादा ओरडत होता, "आये! आये गो!"

वर रस्त्याचं काम चालू होतं. दगड फोडणाऱ्या दोन बायका साड्या खोचून पाण्यात उतरल्या आणि न बोलता त्यांनी हँडल पकडलं. तिघांनी मिळून गाडी वीतभर उचलली, नीलमने त्याला खेचलं. पाय मोडला नव्हता. त्या बायकांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत दगड फोडायला गेल्या. नावही विचारायचं राहिलं. ते मला अजून खातं.

संध्याकाळी ढाब्यावर जनुदादा दोन रजया गुंडाळून शेगडीपुढे बसला होता. मग म्हणाला, "कोनाला सांगू नका हां."

नीलम म्हणाली, "काय? पडलास ते?"

"नाय गो. परलो ते सांगा. आयेला हाक मारली ते सांगू नका."

आम्ही शब्द दिला. आणि आजवर मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही सोडून!

*

आता शेवटचा. हा मी गॅरेजवर एकदाच सांगितला.

माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कमी बोलणारे. माझ्या क्रूझरला ते "ते धूड" म्हणायचे. मी उत्तरेला जाऊन आलो तरी त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. गाडीवर बसणं तर सोडाच, तिला कधी हातही लावला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी ते देवापुढे उभे होते, तिथेच खाली बसले. दरदरून घाम, छातीत कळ, डावा हात जड. मी नीलमला फोन लावला. तिने ॲस्पिरिनची गोळी चघळायला द्यायला सांगितली आणि म्हणाली, "वेळ घालवू नकोस. इकडे आण. मी गेटवर उभी राहते."

ॲम्ब्युलन्स बोलावली. पण त्या दिवशी अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्याजवळ ट्रेलर आडवा झाला होता आणि रस्ता पार बदलापूरपर्यंत तुंबला होता. ॲम्ब्युलन्सवाला फोनवर रडवेला झाला. "साहेब, सायरन वाजवतोय, पण उडता येत नाही ना!" रिक्षाही हलत नव्हत्या.

आई माझ्याकडे बघत होती. मी खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होतो.

शेजाऱ्यांनी बाबांना उचलून मागे बसवलं. सामान बांधायला लावलेला लोखंडी टेका होता, त्याला त्यांची पाठ लागली. आईने वाळत घातलेलं पातळ ओढलं, बाबांना माझ्या पाठीला बांधलं आणि माझ्या पोटावर गाठ मारली. "घट्ट आहे," एवढंच म्हणाली.

बदलापुरातल्या बेलवलीपर्यंत बाबा काहीतरी पुटपुटत होते. पाणी मागत असावेत. त्यानंतर आवाज बंद झाला.

"बाबा!"

उत्तर नाही. त्यांचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर टेकलं होतं आणि दर खड्ड्याला आपटत होतं. मी आरसे दुमडले, ट्रकच्या आणि बसच्या मधून गाडी काढत राहिलो. कधी गटारावरच्या लाद्यांवरून, कधी दुकानांच्या पायऱ्यांना घासून. हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. एका पोलिसाने आम्हाला बघितलं आणि काही न विचारता बॅरिकेड ओढून बाजूला घेतलं.

"बाबा! बाबा, ओ द्या!"

काही नाही. त्यांचा श्वास चालू आहे का, ते मला कळत नव्हतं. पाठीला फक्त इंजिनाची धडधड लागत होती. एकदा वाटलं, थांबून बघावं. पण थांबलो आणि नको ते कळलं, तर पुढे गाडी चालवायला मी उरणार नव्हतो. म्हणून थांबलो नाही. उल्हासनगरच्या लालचक्कीपर्यंत हाका मारत गेलो. हेल्मेटच्या आत रडत होतो, काच धूसर झाली होती.

गेटवर नीलम स्ट्रेचर घेऊन उभी होती. तिने कात्रीने पातळ कापलं. बाबांच्या मुठी माझ्या जॅकेटला धरून होत्या. तिने एकेक बोट सोडवलं आणि त्यांना आत नेलं. मी गाडीवरून उतरू शकलो नाही. वॉर्डबॉयने मला उतरवलं.

बाबा वाचले.

चौथ्या दिवशी त्यांना साध्या वॉर्डात आणलं. आई डबा धुवायला गेली होती. मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. इतके दिवस दाबून ठेवलेलं विचारून टाकलं.

"बाबा, रस्त्यात मी किती हाका मारल्या. तुम्हाला ऐकू येत नव्हतं ना?"

"येत होतं."

"सगळं?"

"सगळं. रडत होतास तेही."

मला एकदम रागच आला. "मग ओ का नाही दिलीत? एकदा नुसतं हूं म्हणायचं! इकडे माझा जीव जात होता!"

बाबांनी खिडकीकडे मान वळवली.

"बोललो असतो," ते म्हणाले, "तर तू मागे वळून बघितलं असतंस."