ब्रेकमधली हवा

आमच्या वाडीला रस्ता नाही, घाटातली दगडी वाट आहे. तिच्यावर फक्त आमची म्हातारी जीप चढते. याची सरकारला लाज वाटायला हवी. वाटत नाही, म्हणून उद्या रस्त्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा आहे. ज्यांना चालवत नाही त्या सगळ्या आज्या जीपमधून घाट उतरणार आहेत, आणि आज सकाळी जीपचा ब्रेकच लागेना.

आई मागच्या चाकाशी आडवी झाली, मी पेडलवर पाय ठेवून बसले. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची, तर एकीने पेडल दाबून धरायचं आणि दुसरीने खाली स्क्रू सैल करून पुन्हा आवळायचा. तो आवळेपर्यंत पाय हलवायचा नाही.

"दाब," आई खालून म्हणाली. "आता धर."

"उद्या त्या साहेबाला मी तोंडावर विचारणार आहे, की..."

"सोडलास ना पाय? गेली हवा परत आत. तुमच्या मोर्च्यांचंही हेच. साहेब 'बघतो' म्हणाला की निघाले घरी."

मला राग आला, कारण ते खरं होतं. दाबायला आम्ही कमी पडत नाही. धरून ठेवणं मात्र आमच्या एकाही पत्रकात नाही. त्याची घोषणा होत नाही ना.

पण हवा निघते. "बुडबुडे कमी झाले," आई म्हणाली, आणि हळूहळू पेडल माझ्या पायाला घट्ट लागू लागलं.

"उद्या डबे दोन वेळचे घेऊया," मी म्हणाले.

"अंथरुणंही टाक," म्हणत आई पुढच्या चाकाकडे सरकली.