पुढचं तोंडी सांगावं

माझ्या सासऱ्यांना, तोकुजी उकाईंना, गावात सगळे चूक काढणारे आजोबा म्हणत. आमच्या भागाचं नाव कोका. बाहेरची माणसं त्याला कोगा म्हणतात. बसमधून उतरलेल्या एखाद्या पाहुण्याने "कोगा हेच का?" असं विचारलं की मामंजी तिथेच सुरू व्हायचे. "कोगा नाही, कोका." पाहुणा हसून मान डोलवायचा आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा कोगा म्हणायचा.

मामंजींनी बेचाळीस वर्षं औषधं विकली. पाठीवर गाठोडं घेऊन डोंगरापलीकडच्या गावांत जायचं, घरोघरी औषधांची पेटी ठेवून यायचं आणि वर्षाने पुन्हा जाऊन जेवढं वापरलं असेल तेवढं भरून द्यायचं. आमच्याकडच्या निम्म्या घरांचा हाच धंदा होता. फिरता फिरता ते जुनी वळणदार अक्षरंही वाचायला शिकले, कारण घरात पूर्वजांच्या हातची एक लिहिलेली गुंडाळी होती आणि ती वाचणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आमचे पूर्वज निन्जा होते, असं गाव म्हणतं. ते खोटंही नाही. पण निन्जा म्हणजे कोण, यावर घरात दोन मतं होती. एक मामंजींचं आणि दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, सेकिचीकाकांचं.

काका मूळचे कौलं घालणारे. पन्नाशीत छपरावरून पडले आणि त्यांचं काम सुटलं. मग निन्जांचे खेळ दाखवणाऱ्या एका ठिकाणी काळे कपडे घालून पर्यटकांसमोर भिंतीवर चढायची नोकरी धरली. पुढे मागच्या देवदारांच्या राईत त्यांनी स्वतःचं अंगण साफ केलं आणि शिष्य घ्यायला सुरुवात केली. ओसाका, नागोयाकडची माणसं यायची, एकदा दोन जर्मनही आले. काका त्यांना बोटांच्या नऊ मुद्रा शिकवत. मुद्रा बरोबर जमली की भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखणं पळतं, असं सांगत. काकू फार आधी वारल्या होत्या आणि मूलबाळ नव्हतं. ते शिष्य हेच त्यांचं घर झालं होतं.

एकदा शिष्यांनीच हट्ट धरला की गुंडाळी बघायची आहे. मामंजी खुशीत आले. चष्मा लावून त्यांनी आमच्या बैठकीत ती पसरली आणि वाचायला लागले. ज्या गावात जायचं तिथली बोली आणि मिठाचा भाव आधी शिकून घ्यावा. कुत्रा असलेल्या घराच्या वाटेला जाऊ नये. जो रोज दिसतो त्याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून आधी सगळ्यांच्या ओळखीचं व्हावं. त्यापुढे कोरड्या शिध्याच्या गोळ्या कशा वळाव्यात, ते होतं. शेवटी सरकारदरबारी केलेला एक अर्ज होता, आमच्या वाडवडिलांची सेवा लक्षात घ्यावी म्हणून.

"एवढंच?" तानिमुरा म्हणाले. हे ओसाकात दातांच्या कवळ्या बनवत आणि काकांचे सगळ्यात जुने शिष्य होते.

"एवढंच," मामंजी म्हणाले. "आणि ते काळे कपडे नाटकातले. रंगमंचावर सामान हलवणारी माणसं काळं घालतात आणि प्रेक्षक ती दिसत नाहीत असं धरून चालतात, तिथून आले ते. आपली माणसं शेतातलेच कपडे घालून जायची. नऊ मुद्रा डोंगरातल्या साधूंच्या. त्याने श्वास जागेवर येतो, मन ठिकाणावर येतं. बास."

शिष्यांचे चेहरे पडले. काका मात्र हसत होते.

"दादा, शेवटची ओळ राहिली की. ती पण वाच. जरा मोठ्याने."

मामंजी गुंडाळी आवरू लागले. ओळ होती, ती मीही पाहिली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी तीच ओळ. मामंजींनी शेवटी वाचली. "पुढचं तोंडी सांगावं."

"बघा!" काका शिष्यांकडे वळले. "खरं ते कागदावर नसतंच. आणि दादा, बाबा गेले तेव्हा तू कुठे होतास?"

आजेसासरे गेले तेव्हा मामंजी पंचविशीत होते आणि औषधं घेऊन किईच्या डोंगरात गेले होते. तार मिळेपर्यंत चार दिवस उलटले होते. वडिलांच्या उशाशी होते एकोणीस वर्षांचे काका. बाबांनी जाताना सगळं मला सांगितलं, असं तेव्हापासून ते म्हणत आले होते. कागदावरचं मामंजी खोडू शकत होते. जे लिहिलेलंच नाही ते कसं खोडणार?

त्यानंतर दोन वर्षांनी काकांना साखर निघाली. आधी पाय रात्रंदिवस जळायचे. मग ते एक दिवस आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि मांडी थोपटत म्हणाले, "दादा, महिनाभर मुद्रा केल्या आणि दुखणं गेलं बघ. टाचणी टोचली तरी कळत नाही."

मामंजींचा चेहरा उतरला. "अरे गाढवा, दुखणं गेलं नाही, नसा मेल्या. टोचलेलं कळत नाही याला बरं होणं म्हणतात का? उद्या दवाखान्यात चल."

"तुला बघवत नाही ना?"

"काय बघवत नाही?"

"बाबांनी मला सांगितलं, तुला नाही, हे."

मामंजींनी औषधांच्या कंपनीतल्या ओळखीच्या डॉक्टरांना घरी आणलं. काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

नोव्हेंबरात काकांनी अंगणात निखाऱ्यांवरून चालायचा कार्यक्रम ठेवला. भर दुपार होती, शंभरेक माणसं जमली होती. मी बायकांबरोबर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, घातलेली डुकराच्या मटणाची आमटी वाढत होते. शिष्य एकेक करून भराभर पलीकडे गेले. पाय पटपट उचलला तर फारसं भाजत नाही, हे मामंजी आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगत फिरले होते. मग काका उतरले आणि मधोमध थांबले. थांबून त्यांनी एकेक करून नऊच्या नऊ मुद्रा केल्या, अगदी सावकाश. चेहऱ्यावर आठी नाही. लोक टाळ्या पिटत होते. मामंजी तेवढे कठड्यावरून वाकून ओरडत होते, "चाल! सेकिची, चाल पुढे!" त्यांना कोणीतरी मागे ओढलं.

काका घरात गेले तेव्हा पायरीवर पावलांचे ओले ठसे उमटले. ते पाण्याचे नव्हते.

मामंजी दारापर्यंत गेले. दारात तानिमुरा उभे होते.

"गुरुजी विश्रांती घेताहेत."

"त्याचा पाय बघायचाय मला."

"त्यांनी कोणाला आत सोडू नका म्हणून सांगितलंय. तुम्हाला तर मुळीच नाही."

"माझा भाऊ आहे तो!"

तानिमुरांनी कमरेत पूर्ण वाकून नमस्कार केला आणि दार सरकवून बंद केलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, इतकी त्यांची श्रद्धा होती.

पुढचे दहा दिवस मामंजी रोज जायचे. मलम ठेवून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच, न उघडलेलं, सापडायचं. एकदा त्यांनी रुग्णवाहिकाही बोलावली. ती माणसं आत जाऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, ते शुद्धीवर आहेत आणि नको म्हणताहेत. आम्ही काय करणार?" मामंजी त्या गाडीमागे रस्त्यावर बराच वेळ उभे राहिले. मी हात धरून घरी आणलं तर म्हणाले, "फुमिए, बेचाळीस वर्षं परक्यांच्या घरात औषध ठेवून आलो. कोणी नको म्हटलं नाही."

अकराव्या दिवशी तापात काकांची शुद्ध हरपली आणि मग शिष्यांनीच त्यांना इस्पितळात नेलं. गुडघ्याखालून पाय काढला, पण विष रक्तात भिनलं होतं.

एका दुपारी काका पूर्ण शुद्धीवर आले. मी खाटेशी बसून पर्सिमॉन सोलत होते, मामंजी पलीकडे होते. काकांनी छताकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"दादा, मला झोप लागली होती."

"कधी?"

"बाबा गेले तेव्हा. तीन दिवस जागलो होतो रे. त्यांचे ओठ हलत होते, मी कान लावला, पण काही ऐकू येईना. मग तसाच झोपलो. उठलो तर गार पडले होते."

मामंजींनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"आई विचारायला लागली, शेवटचं काय म्हणाले? झोपलो होतो, असं कसं सांगू तिला? म्हटलं, सगळं सांगून गेले. ती इतकी शांत झाली... मग गावाने विचारलं. मग सगळेच विचारत राहिले."

"ते पाणी मागत असतील," मामंजी हळूच म्हणाले.

"असतील. किंवा खरंच काहीतरी सांगत असतील. आता कोणाला ठाऊक?"

मामंजींनी पांघरूण त्यांच्या खांद्यापर्यंत ओढलं. पर्सिमॉनची एक फोड भरवायचा प्रयत्न केला, पण काकांना गिळवेना. आठवड्याभरात ते गेले.

मृत्यूनंतरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मामंजींनी तानिमुरांना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. माझ्यासमोरच सांगितलं, साक्षीला मी होते.

तानिमुरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गुरुजी थोरच. शेवटपर्यंत गुपित राखलं. तुम्हाला ते असंच सांगणार ना?"

"अहो, तो रडत होता!"

"त्यांना रडायचं नाटकही येत असणार."

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मी तरी काय बोलणार? काका खरं बोलले तर ते गुपित लपवणं ठरतं आणि खोटं बोलले तर ती विद्या.

वसंतात तानिमुरा एक कागद घेऊन आले. राईत काकांच्या नावाचा दगड बसवायचा होता. जमीन मामंजींच्या नावावर, म्हणून सहीच्या जागी त्यांचा शिक्का लागत होता. दगडावरची ओळ त्यांनी वाचून दाखवली: मुखपरंपरेचे अखेरचे धारक, सेकिची उकाई. खाली जन्मसाल होतं, आमच्या रीतीने शोवा सम्राटांच्या कारकिर्दीवरून मोजलेलं.

मला वाटलं, आता कागद फाडतात. मामंजींनी चष्मा पुसला, कागद तीनदा वाचला आणि खणातून शिक्का काढला.

"मामंजी," मी न राहवून म्हटलं, "हे खोटं आहे, तुम्हालाच तर माहीत आहे."

"मग काय लिहू दे, फुमिए? झोपला होता, असं?"

शिक्का टेकवता टेकवता त्यांचा हात थांबला. "हे जन्मसाल चुकलंय. शोवा सहा नाही, नऊ."

"गुरुजी स्वतः सहाच सांगायचे," तानिमुरा म्हणाले.

"वय वाढवून सांगत असेल. मी त्याला जन्मलेल्या दिवशी मांडीवर घेतलंय. नऊ करा."

तानिमुरांनी पेन काढून दुरुस्ती केली. मामंजींनी शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि मला म्हणाले, "चहा टाक यांना, लांबून आलेत."