फ्लॉसच्या बुबुळावरची पट्टी

फ्लॉसच्या डोळ्यात गवताचं कुसळ गेलं आणि बुबुळावर चरा पडला, तेव्हा नोरीन टल्लक एकाहत्तर वर्षांची होती. नवरा क्लेम जाऊन सात आठवडे झाले होते.

"लेन्स? कुत्रीला?" नोरीन म्हणाली. "पेपर वाचायचाय का तिला?"

"नजरेसाठी नाही गं, पट्टी आहे ही," गुरांची डॉक्टर ब्रॉनविन म्हणाली. "पापणी घासून घासून चरा भरत नाही. ही वर बसली की खालून जखम भरेल. पंजाने खाजवू नये म्हणून दहा दिवस गळ्यात हे प्लास्टिकचं नरसाळं. वारा नको, धूळ नको. घरात ठेव."

"घरात? क्लेम थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे."

"येऊ दे ना," नोरीन पुटपुटली.

कामाचं कुत्रं उंबऱ्याबाहेर, हा क्लेमचा नियम. लांबच्या कुरणात मेंढ्या वळवताना तो कोसळला, तेव्हा जवळ फक्त फ्लॉस होती. त्याला शेवटचं पाहिलेले डोळे हे दोनच. त्यातला एकही नोरीनला जाऊ द्यायचा नव्हता.

चार दिवस फ्लॉस स्वयंपाकघरात राहिली, दाराकडे तोंड करून. पाचव्या दिवशी मेंढ्यांचं पाणी बघायला निघताना नोरीनने सवयीने शीळ घातली. फ्लॉस सवयीने पिकअपच्या मागच्या हौद्यात चढली. बारा किलोमीटर लाल धूळ. पोचल्यावर डोळा घट्ट मिटलेला, लेन्स गायब.

ब्रॉनविनने दुसरी बसवली. "काय सांगितलं होतं मी?"

"आमची कुत्री जन्मभर मागेच बसलीत, बाई."

"आता पुढे बसव. शेजारी."

"ती सीट माझी होती," नोरीन म्हणाली. "गाडी क्लेम चालवायचा."

मग फ्लॉस पुढे बसू लागली, काचा बंद. नोरीन गाडी चालवताना तिला विचारायची, "शेवटी काय म्हणाला गं तो? काहीतरी म्हणाला असेल. शिवी तरी?"

फ्लॉस नरसाळ्यातून नुसती बघायची.

आणखी दहा दिवसांनी ब्रॉनविनने लेन्स काढली. बुबुळ स्वच्छ. "आता बसू दे मागे," ब्रॉनविन म्हणाली.

तरी नोरीनने पुढचंच दार उघडलं. "चल, काच खाली करते."

फ्लॉसने आत पाहिलं, मग हौद्यात उडी मारली.

"बरोबर आहे तुझं," म्हणत नोरीनने दार लावलं.

वाटेतली कुरणांची फाटकं गाडीत शेजारी बसलेल्याने उतरून उघडायची, हा इकडचा रिवाज. चाळीस वर्षं ते काम नोरीनचं. पहिल्या फाटकापाशी तिने स्टिअरिंग धरून शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग स्वतःच उतरली.