डोमा लंजेने कापलेली दोन भोकं

सानगडीच्या बाजारात डोमा लंजेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, एक डाग द्यायची सळई आणि उघडे पडलेले दहाबारा रेडिओ. शिक्षण सातवी, पण ऐट इंजिनिअरची. कान मात्र खरोखर पक्का. रस्त्याने जाणाऱ्या गाडीतला टेप ऐकून कुठला स्पीकर फाटलाय ते तो बसल्या जागी सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

त्र्याऐंशी साली ताराचंद त्याच्याकडे आला. हा मूळचा सानगडीचाच, पण वरठीजवळ राइस मिल टाकून पैसेवाला झालेला. त्याने नागपूरहून बारा इंची दोन वूफर आणले होते आणि ते त्याला आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये हवे होते.

"पेटी नको बनवू," ताराचंद म्हणाला. "डिक्कीत माहे तांदळाचे कट्टे रायतेत."

पेटीशिवाय एवढा मोठा स्पीकर वाजत नाही. त्याचा पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. डोमा दोन दिवस गाडीभोवती फिरला आणि त्याने डिक्कीलाच पेटी करायचं ठरवलं. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली, जिथे लोक उशी नाहीतर डबा ठेवतात, तो आडवा पत्रा त्याने कापला. थाळीएवढी दोन भोकं पाडली आणि वूफर आवळून बसवले. मग सीटमागे जिथे जिथे फट दिसली तिथे नमदा आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकले, म्हणजे डिक्कीतला आवाज डिक्कीतच राहील.

टेप लावला तेव्हा काचा थरथरल्या. आणखी एक गोष्ट झाली. त्या गाडीचा सायलेन्सर सडलेला होता, डिक्कीच्या तळाची चाळणी झाली होती, आणि धूर सीटपर्यंत यायचा. तो बंद झाला.

"डोमाभाऊ, तुह्या वूफरनं धूर बी गेला," ताराचंदचा ड्रायव्हर धनीराम म्हणाला. धनीरामही सानगडीचाच, डोमाचा लहानपणचा सोबती. ठरवून न केलेल्या कामाची शाबासकी डोमाने खुशाल घेतली.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत सानगडीला शंकरपट भरला. दिवसा बैलांच्या जोड्या पळायच्या आणि रात्री नाटक. झाडीपट्टीत नाटकाशिवाय पट म्हणजे नवरीशिवाय लग्न. नेमका त्याच दुपारी नाटक कंपनीचा मोठा स्पीकर फाटला. उद्घाटक ताराचंद. त्याने मोठ्या मनाने सांगितलं, "माह्या गाडीतले काढून लाव."

डोमाने दहा मिनिटांत दोन्ही वूफर काढले. भोकांवर पुठ्ठा ठोकावा असं त्याच्या मनात आलं, पण स्टेजवरून हाका सुरू झाल्या. सकाळी परत बसवायचेच आहेत, म्हणून त्याने भोकं तशीच सोडली. गाडी रात्रभर मंडपामागे उभी राहील असा त्याचा हिशेब होता.

पण दिवेलागणीच्या आधीच निरोप आला, की वरठीला ताराचंदच्या मुलीला ताप चढलाय. ताराचंद थांबला आणि त्याची बायको चंद्रकांता धनीरामबरोबर निघाली. गाडी समोरून गेली तेव्हा मागच्या काचेतून डोमाला ती भोकं दिसली. आता टेप काही बरा वाजायचा नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

थंडी कडक होती. काचा वर करून चंद्रकांता मागे शाल पांघरून बसली. धनीरामची काच चार बोटं उघडीच अडकायची, पूर्ण वर जायची नाही. लाखनीजवळ बाई म्हणाली, "धनीराम, डोस्कं दुखून राहिलं. थांबव."

"घर आलंच, बाई," तो म्हणाला, आणि थांबला नाही. भंडाऱ्याच्या पुढे त्यालाच ओकारी झाली. घरी पोहोचून त्याने मागचं दार उघडलं तर चंद्रकांता गेलेली होती. त्याला धड उभंही राहता येईना. तो अंगणातच पडला.

डॉक्टर हृदयाचा झटका म्हणाले. लोकांनी अंगणात पडून ओकणारा ड्रायव्हर पाहिला होता. दारू ढोसून गाडी चालवली, बाई तडफडत होती तरी दवाखाना सोडून पुढे गेला, असं ठरलं. ज्या माणसाने होळीलाही थेंब घेतला नव्हता, त्याला ताराचंदने चार लोकांत चपलेने मारून हाकललं.

तेरवीनंतर नव्या ड्रायव्हरने गाडी वूफर बसवायला आणली. डोमाने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्याने गाडी सुरू ठेवली, डिक्कीत डोकं घातलं आणि खोकत बाहेर आला. त्या रात्री बाईला भोकांतून आलेल्या धुराने मारलं, हे त्याला कळलं. आता एका वाक्याने धनीरामचं नाव धुतलं गेलं असतं. पण मग ताराचंदची चप्पल डोमाच्या टाळक्यावर आली असती, दुकान गेलं असतं, कदाचित पोलीसही आले असते. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हणत त्याने स्क्रू आवळले. ताराचंदला फक्त निरोप धाडला, सायलेन्सर बदला. भेकड माणूस चांगुलपणाही अर्धाच करतो.

धनीराम वरठीच्या स्टेशनवर हमाली करू लागला आणि वर्षभरात खरोखरच पिऊ लागला. बघा, आम्ही म्हणत नव्हतो, लोक म्हणाले. डोमाने पुन्हा कुठल्या गाडीचा पत्रा कापला नाही. गिऱ्हाईक आलं की बेस नीट येत नाही म्हणून तो खोटं सांगायचा. खाई त्याला खवखवे. त्याचं जेवण तुटलं, झोप तुटली, आणि त्याची कीव करावी असं मला तरी वाटत नाही.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तो टपरी बंद करून वरठीला गेला. मालधक्क्याच्या सावलीत धनीराम बसला होता. डोमाने भोकं, धूर, काळं बोट, सगळं सांगितलं.

"म्हंजे थ्या दिवशी मी पेलो नोहतो," धनीराम म्हणाला. "इतक्या लोकायनं सांगतलं, तं मलेच वाटे, पेलो असन."

"नोहता पेला तू."

"माही माय गेल्या माघात मेली. मी तोंडात पाणी घालाले गेलो तं तिनं दात मिटले. म्हणे, बाई मारली तू, तुह्या हातचं नको. तू होता न तिथं?"

"होतो."

"कुठं होता?"

"खाटेपाशी," डोमा म्हणाला. "पाण्याचा लोटा मीनंच तुह्या हाती देल्ला होता."