सोपाननं सांभाळलेले नळ

दुपारची सुट्टी संपली होती आणि मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित मांडत होते. शाळेसमोरचा टेलिफोन बूथवाला दारात येऊन उभा राहिला. बारामतीहून फोन आला होता म्हणाला. भावजयीचा, म्हणजे आमच्या वहिनीचा होता का, असं मी विचारलं, तर हो म्हणाला आणि निरोप सांगितला. माझा धाकटा भाऊ सोपान जेवून घटकाभर आडवा झाला होता, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं... इंदापूर-बारामती हा रस्ता मी लग्न झाल्यापासून एसटीनं केला, पण त्या दिवशी तो संपता संपेना. आता महिना उलटून गेलाय. तरीही त्याच्याविषयी ‘होता’ असं लिहिताना हात अडखळतो.

आमचं मूळ मोरगावकडचं. आजोबांची मेंढरं होती. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कळप विकला आणि बारामतीत मिळेल ते काम धरलं. त्याआधी गावाकडं आई हंडाभर पाण्यासाठी किती लांब जायची, ते सोपाननं लहानपणी बघितलं होतं. त्यामुळंच की काय कोण जाणे, शाळा सुटल्यावर तो नळकामात शिरला आणि त्यातच रमला. थेंबथेंब गळणारा नळ कानावर आला की त्याला बसवत नसे. पाहुणा म्हणून गेला तरी चहा होईपर्यंत तो मोरीत डोकावून येई, आणि पुढच्या खेपेला खिशात वायसर घेऊन जाई. पावलीएवढीही नसलेली रबराची ती चकती. तेवढ्यासाठी बादल्याच्या बादल्या वाहून जातात, याचं त्याला मनापासून दुःख व्हायचं.

माझं लग्न इंदापूरच्या बागायतदार घरात झालं. वांगी, टोमॅटो, डाळिंब, सगळं भरलेलं घर. पहिल्या दिवाळीला आबा मला न्यायला आले. पंगत बसली होती. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, वाढता वाढता बोलून गेल्या, की मेंढरामागं हिंडणाऱ्यांना पाटावर बसायची सवय कुठली. हसण्यावारी म्हणाल्या असतील... पण आबा भरल्या ताटावरून उठले. ओसरीवर उभं राहून एवढंच म्हणाले, “ह्या घरचं पाणी आता आमच्यातलं कुणी पिणार न्हाय.” त्यानंतर माहेरचं माणूस या उंबऱ्यात आलं नाही. राखीपौर्णिमेला सोपान इंदापूरच्या स्टँडवर यायचा, बाकड्यावर बसून राखी बांधून घ्यायचा आणि परतीच्या गाडीत चढायचा. पुढं आबा वारले. त्यांचा शब्द मात्र मागं राहिला.

जुनं घर पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं, ते नव्वद सालानंतर. नव्या पद्धतीनं पाइप भिंतीत गाडून घेतलेले. काही वर्षांतच धान्याच्या खोलीची भिंत ओली दिसायला लागली. ज्वारीच्या पोत्यांना खालून कुबट वास येऊ लागला. गावातल्या माणसानं ओल बघून तिथंच भिंत फोडली, मग शेजारी फोडली, हाती काही लागलं नाही. आत्याबाई रोज पोती अंगणात ओढून वाळत घालायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. एक दिवस जेवताना आमच्या ह्यांनी आईसमोरच म्हटलं, सोपानला बोलावू या. आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि गप्प राहिल्या. त्यांच्या गप्प राहण्यालाच आम्ही होकार मानलं.

सोपान आला. हातात हत्यारांचं पोतं, खांद्याला पाण्यानं भरलेला फिरकीच्या झाकणाचा तांब्या. ओल्या भिंतीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. घरातले सगळे नळ बंद करायला लावले, वर जाऊन टाकीत पाणी कुठवर आहे तिथं खूण केली आणि जिन्यावर माझ्याशी गप्पा मारत बसला. थोड्या वेळानं बघितलं तर पाणी खुणेच्या खाली उतरलं होतं. सगळे नळ बंद असताना टाकी उतरत होती, म्हणजे पाइपच कुठंतरी फुटलेला. मग एकेका बाजूचं पाणी तोडत तो न्हाणीघरापर्यंत पोचला. तिथल्या भिंतीत, धान्याच्या खोलीपासून चांगलंच दूर, पाइपाचं वळण गंजून सडलं होतं.

“आक्का, वल जितं दिसती तितं गळती नसती,” तो म्हणाला. “पाणी आतल्या आत लांब चालत येतं.”

नवं वळण बसवून, पाणी झिरपू नये म्हणून पाइपाच्या आट्यांवर सफेदा लावून आणि सूत गुंडाळून त्यानं जोड आवळला. भिंत मात्र लिंपू दिली नाही. दोन-चार दिवस उघडीच ठेवा, कोरडी राहती का बघा, मग गिलावा करा, असं बजावलं. मी चहा केला होता. त्यानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, अंगणात गेला आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्याला. आत्याबाई दारातून बघत होत्या.

त्यानंतर मात्र त्याचं येणं सुरू झालं. मोरी तुंबली, टाकी भरून वाहायला लागली, बोअरच्या पाण्याच्या क्षारानं तोटी आवळून बसली... “कळव तुझ्या भावाला,” असं आत्याबाईच म्हणू लागल्या. तो काम करायचा आणि त्या शेजारी पाट घेऊन बसायच्या. काही बिघडलं की आधी मुख्य कॉक बंद करा, तो अधूनमधून फिरवत राहा नाहीतर नेमका गरजेला हलत नाही, तुंबलेल्या मोरीत अ‍ॅसिड ओतू नका, जाळी काढून आतले केस आणि भात उपसा... हे सगळं तो मला सांगायचा आणि त्या ऐकायच्या. एकदा तर त्यांनी बोलावून घेतलं, पण नळाला काहीच झालं नव्हतं. सोपाननं तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग आत्याबाईंकडं न बघता, वायसर झिजलंय म्हणाला आणि नवं घालून दिलं. पण प्रत्येक खेपेला खांद्याला तो तांब्या असायचाच.

या उन्हाळ्यात, पावसाआधी टाकी धुवायला म्हणून तो आला. भर मे महिन्याचं ऊन. टाकीत उतरून तळाचा गाळ काढला, घासली, धुतली आणि खाली आला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसूनच राहिला. चेहरा पांढरा पडला होता. ऊन लागलंय, दुसरं काय न्हाय, म्हणाला. त्याचा तांब्या रिकामा झाला होता. मी पुढं होण्याआधीच आत्याबाई आतून तांब्या-भांडं घेऊन आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या.

“तुझ्या आबांना मी नगं ते बोलले,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या हयातीत माझ्यानं तुमच्या घरी येणं झालं न्हाय. आता तू तरी पी.”

सोपाननं भांडं हातात घेतलं. बराच वेळ नुसतं धरून बसला. मग प्याला... आणि आणखी मागून घेतलं. त्यांनी दुसऱ्यांदा ओतताना पाणी त्याच्या गुडघ्यावर सांडलं, तर तो म्हणाला, “मावशी, टाकी धुतल्यावर पहिलं पाणी मलाच दिलंत की.” त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. त्या दिवशी माझा भाऊ माझ्या घरी पोटभर जेवला. मला वाटलं, आता असाच येत जाईल... पावसाळा काही तो पुरता बघू शकला नाही.

दहाव्याला आत्याबाई बारामतीला आल्या. त्या घराचा उंबरा त्यांनी पहिल्यांदाच ओलांडला. वहिनीजवळ बसून राहिल्या. सगळे पांगल्यावर घर शांत झालं, तेव्हा मोरीतला नळ ठिबकताना ऐकू आला. सोपानच्या घरातला नळ. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण चटकन पाना घ्यायला उठला, तर वहिनीनं त्याला अडवलं. “ऱ्हाऊ द्या. ऐतवारी करतो म्हणले व्हते ते.” आत्याबाई भिंतीला धरून उठल्या, त्यांनी नळाखाली बादली सरकवली आणि परत येऊन वहिनीचा हात हातात घेतला.

आमच्या मागच्या दारी, भांडी घासायच्या जागेवर एक नळ आहे. आत्याबाईंना वाकता येत नाही, म्हणून सोपाननं शेवटच्या खेपेला तो कमरेएवढा उंच घेऊन दिला. करकचून आवळू नका मावशी, वायसर चिरडतं, दोन बोटांनी फिरवा, एवढं सांगून तो गेला. परवा शाळेच्या घाईत मी हात धुतले आणि तो नळ जोरात पिळून बंद केला. आत्याबाई पाठीमागून आल्या. त्यांनी तो थोडा सैल केला, दोन बोटांनी पुन्हा बंद केला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

“हळू गं,” त्या म्हणाल्या. “बारामतीवरनं यावं लागतंय त्याला.”