पोर्टची उदाहरणं

मला इंग्रजी येत नाही. मराठी चौथी झाली, लग्न झालं, शाळा सुटली. तरी इंग्रजीतले काही शब्द मला येतात, अर्थासकट आणि मुळासकट. सगळे एकाच कुळातले: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट, ट्रान्स्पोर्ट, पोर्टर, पोर्टेबल. प्रत्येकाच्या पोटात पोर्ट आहे. आमची नातवंडं यातले बरेच शब्द दिवसभर वापरतात, पण मूळ विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

हे शब्द मी शिकले ते ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या भाड्याच्या जागेत. तेव्हा राणीचं राज्य होतं. माझं माहेर कल्याणचं, बंदराजवळचं. सासरी आम्ही चार माणसं. मामंजी कचेरीत कारकून, सासूबाई, आमचे हे आणि मी. यांचं नाव तेव्हा कधी घेतलं नाही, आता घेऊन काय करू?

हे मॅट्रिकच्या वर्गात होते आणि आदल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले होते. मामंजींनी एकदाच बजावलं, "या खेपेला गेलास तर कल्याणला काकाच्या वखारीत. भाताची पोती उचलायची आणि मागच्या खोलीत झोपायचं. सून इथेच राहील, तुझ्या आईच्या हाताखाली." म्हणजे पास झाले तर ठाण्यात नोकरी आणि दोघं एका घरात. नापास झाले तर ते बंदरावर आणि मी इथे चुलीपुढे. माझा जीव अडकला होता तो एवढ्यात.

एका घरात असूनही आम्ही बोलत होतो अशातला भाग नाही. नवऱ्याशी दिवसा बोलायचं नाही ही तेव्हाची रीत. रात्रीचंही कठीणच, कारण भिंत पातळ आणि मामंजींना झोप कमी. हे ओटीवर अभ्यासाला बसत, मी आतल्या खोलीत. मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी सासूबाई वाती वळत बसत. त्यांची एक नजर बाहेर, एक आत.

त्या वेळी इंग्रजी शाळेत शब्दांची मुळं पाठ करून घेत. लॅटिन भाषेतला एक तुकडा घ्यायचा आणि त्याच्यापासून झालेले शब्द म्हणायचे. आधी शब्द, मग मूळ, मग अर्थ, मग उदाहरण. मुलं पाढ्यांसारखी मोठ्यानं घोकत. मी आत तांदूळ निवडता निवडता ऐकत असे. ऐकून पाठ करणं मला काही नवं नव्हतं. मंगळागौरीची गाणी, हरतालिकेची कहाणी, सगळं असंच कानावाटे आत गेलेलं.

एका दुपारी हे "पोर्ट म्हणजे वाहणे, एक्स म्हणजे बाहेर, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर वाहून नेणे" असं म्हणत पुढे आले आणि रिपोर्टवर अडकले. री म्हणजे काय ते आठवेना. पुन्हा पुन्हा तिथेच येऊन थांबत होते. माझ्यानं राहवलं नाही. आतूनच म्हटलं, "परत."

सासूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. भरदिवसा, सासूसमोर, सून नवऱ्याशी बोलली होती. मला वाटलं, आता आजचं जेवण गेलं.

सासूबाई ओटीकडे वळल्या. "बरोबर आहे का रे ती म्हणते ते?"

"हो. री म्हणजे परत. परत वाहून आणलेली बातमी, तो रिपोर्ट."

"मग तिलाच म्हणून घेऊ दे. मास्तरांना पैसे देऊन तू नापास झालास, ही फुकट आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, पण फक्त शब्द हं. बाकी चकार शब्द नको."

तेव्हापासून रोज दुपारी आमचा पाठ सुरू झाला. मी आतून शब्द टाकायचा, यांनी बाहेरून मूळ आणि अर्थ सांगायचा. आणि शेवटी मी म्हणायचं, "उदाहरण द्या." उदाहरण इंग्रजीत द्यायचं असे, पण मला कळावं म्हणून हे आधी मराठीत देत. सासूबाईंनी बाकी बोलणं बंद केलं होतं. उदाहरणं बंद केली नव्हती.

"इम्पोर्ट."

"इम म्हणजे आत. आत वाहून आणणे."

"उदाहरण द्या."

"कल्याणहून आंब्याचं लोणचं इम्पोर्ट झालं असं कळतं, पण ते ओटीपर्यंत पोचलेलं नाही."

सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "लोणचं हवं तर सरळ मागावं. इतक्या लांबून कशाला यायचं?"

मीही काही कमी नव्हते. सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणे. यांचं उदाहरण होतं, खांब छपराला सपोर्ट देतो. मी म्हटलं, "हे नको, दुसरं. काल पाण्याची घागर उतरवताना एका माणसाचा पाय घसरला, तेव्हा ओटीवरून सपोर्ट आला नाही."

"ओटीवरच्या माणसाला ते दिसलं नाही."

"आवाज तर झाला होता."

"ओटीवरचा माणूस ट्रान्स्पोर्ट घोकत होता."

ट्रान्स म्हणजे पलीकडे. ठाण्याच्या तुरुंगातून कैदी काळ्या पाण्यावर धाडत, त्यालाही हाच शब्द असं यांनी सांगितलं होतं. त्याचं उदाहरण मात्र यांनी हसत दिलं नाही. "काकाची वखार म्हणजे माझं ट्रान्स्पोर्ट," म्हणाले. त्यावर मी दुसरं उदाहरण मागितलं नाही. पुढचा शब्द टाकला.

एकदा माझंच डोकं अडलं. बंदरावर वाढलेली मी. कस्टमचे लोक बंदराला पोर्ट म्हणतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी विचारलं, "पोर्ट म्हणजे वाहणे, तर मग बंदराला पोर्ट का म्हणतात?"

"बंदरावरून माल वाहतात म्हणून."

"माल बैलगाडीही वाहते. तिला का नाही म्हणत?"

आमच्या घरामागे किरिस्ताव वस्ती होती. तिथले एक म्हातारे मास्तर त्यांच्या देवळात गाणं शिकवत. लॅटिन प्रार्थना त्यांना सगळ्या अर्थासह येत. हे त्यांना विचारायला गेले आणि तिथून आल्यावर त्यांचीच नक्कल करत ओटीवरून मोठ्यानं सांगितलं, "मास्तर म्हणाले, अरे बाला, ह्यो शब्द दुसऱ्या घरचा. आमच्या लॅटिनीत दरवाजाला पोर्ता म्हणतात, नि बंदराला पोर्तुस. ही दोघं सख्खी भावंडं. बंदर म्हंजे काय, दर्याचा दरवाजा. वाहायचा पोर्ट तो ह्यांचा लांबचा चुलता."

पोर्टरही दोन आहेत, असं मास्तरांनी सांगितलं होतं. ठाणे स्टेशनावर ओझी उचलतो तो वाहणाऱ्या घरचा. मोठ्या इमारतीच्या फाटकात बसतो आणि कोणाला आत सोडायचं ते ठरवतो, तो दरवाजाच्या घरचा.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी या घरातली पोर्टर झाले की."

हे हसले. मीही तोंडाला पदर लावला, पण आवाज व्हायचा तो झालाच. एका वेळी आम्ही तिघं हसलो असं त्या घरात पहिल्यांदा झालं.

मग हे मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आले. इंग्रजीचा पेपर फार चांगला गेला होता. निकाल वर्तमानपत्रात यायचा. मामंजींनी बोट फिरवत सगळा रकाना वाचला, परत वरपासून वाचला. नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशी केली तेव्हा कळलं, इंग्रजीत उत्तम, गणितात गेले. गणिताचा पाठ दुपारी मोठ्यानं कधी झालाच नव्हता. दोन खोल्यांतून बोलायला शब्द लागतात. त्रैराशिकात काय बोलणार?

मामंजी संतापले. "इतके दिवस घरात गिरणीसारखा आवाज चालला होता, त्यात एक बेरीज कोणाला ऐकू आली नाही? सोमवारी कल्याण. वखारीत."

हे मान खाली घालून उभे. मी आत पोळीचं पीठ मळत होते आणि मला वाटलं, संपलं. पुढची वर्षं मला डोळ्यांपुढे दिसत होती. ती या खोलीतलीच होती, आणि ओटी रिकामी.

तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला. "सुनेलाही न्या."

"ती कशाला?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बसेल ना परीक्षेला? तिथे त्याच्याकडून म्हणून कोण घेणार? तुमच्या भावाला पोत्यांपलीकडे काही येतं का?"

"आणि इथला स्वयंपाक?"

"ती यायच्या आधी तुम्ही काय उपाशी होतात?"

मामंजींनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. कागदाच्या मागून म्हणाले, "तिला गणित येतं का?"

"पावकी, निमकी सगळं पाठ आहे तिला. तुमच्यापेक्षा बरं."

मामंजींनी पान उलटलं, म्हणजे ठरलं. सासूबाई आत आल्या, माझ्या हातून परात घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तिकडे काय ते मनासारखं बोला. इथे लोणच्याच्या नावावर काय काय बोललात ते मला कळत नव्हतं, असं समजू नकोस." मी वाकून नमस्कार करायला गेले तर म्हणाल्या, "हात पिठाचे आहेत, लुगडं खराब करू नकोस."

कल्याणला वखारीमागची एक खोली आम्हाला मिळाली. खिडकीतून खाडी दिसे. भरतीबरोबर कौलांच्या, मिठाच्या, गवताच्या होड्या आत येत. आता खाडी गाळानं भरत आली आहे आणि शिडाची होडी दिसली तर लोक मुलांना दाखवतात. काका सकाळीच वखार उघडून बाहेर बसत. मधल्या दारात कोणी नसे. दिवसभरात आम्ही हवं तेवढं बोलू शकत होतो.

आणि आम्हाला बोलता येईना. हे जेवायला येत, मी वाढे, हे जेवून हात धुवत आणि जात. काय बोलायचं आणि कुठून सुरू करायचं, दोघांनाही ठाऊक नव्हतं. असे बरेच दिवस गेले. हे पुन्हा परीक्षेला कधीच बसले नाहीत. वखारीतच राहिले आणि पुढे ती नीट सांभाळली. पण ते नंतरचं.

एका दुपारी हे ताटावर बसले होते, तोंडातून अवाक्षर नाही. मला राग आला. आमटीची पळी हातात तशीच ठेवून मी म्हटलं, "पोर्टेबल."

यांनी दचकून वर पाहिलं. मग नेहमीच्या घोकायच्या सुरात म्हणाले, "पोर्ट म्हणजे वाहणे. पोर्टेबल म्हणजे उचलून नेता येण्यासारखे."

"उदाहरण द्या."

"ठाण्याहून कल्याणला आणलेली बायको."

"उचलून कुठे? स्टेशनापासून चालत आले मी. पायाला फोड आला होता."

"कुठल्या?"

"डाव्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं का नाहीत?"

त्यानंतर आमटी गार होईपर्यंत आम्ही भांडलो.