शंकरप्पाचे दोन रखवालदार

शंकरप्पाच्या दुकानात पाय ठेवला की मला किळस येते. बेंबळीच्या स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. किबोर्डवर चहाचे डाग, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, आणि माऊस असा चिकट की हात लावल्यावर साबण शोधावा. तरी गाव तिथंच जातंय.

हाच शंकरप्पा आधी भांड्यांवर नावं घालायचा. माझ्या लेकीच्या लग्नातली सगळी भांडी त्याच्याच हातची. अक्षर लई देखणं. त्या वक्ताला नाव घालून भांडं ज्याचं त्याला परत द्यायचा. आता गावाचे पासवर्ड घेतो, ते त्याच्या कॉम्प्युटरातच राहतात. लोकबी गावाला जाताना शेजारणीकडं किल्ली ठेवावी तसं बिनघोर देतात. मग पेन्शन आली का बघायला पुन्हा त्याच्याच दारात. म्हणतो कसा, "तुमाला ध्यानात राहतंय व्हय?" आणि वर पैसे घेतो.

नातीचा, राजेश्वरीचा, नर्सिंगला नंबर लागला. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर जाऊन 'जागा घेते' म्हणून कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. फॉर्म भरताना शंकरप्पानं ठेवलेला पासवर्ड तिला कुठला ठाऊक! म्हणून तिनं आदल्या दिवशी फोनवरून नवा केला. पण फोनवर पुढचं पान उघडेना. आलो इथं.

पोरीनं पासवर्ड लिहिला. चूक. पुन्हा लिहिला. पुन्हा लाल अक्षरं, आणि खाली धमकी : अजून एकदा चुकलं तर आजच्यापुरतं खातं बंद.

"पोरी, नीट बघून लिही की," शंकरप्पा गुटखा चघळत बोलला.

"काका, मी नीटच लिहितेय. मी लिहिलं की कुणीतरी वरून दुसरंच भरतंय."

तवा गडी कबूल झाला. पासवर्ड सांभाळायला कॉम्प्युटरात एक रखवालदार, म्हंजे तसला प्रोग्राम, आधीचाच होता. गेल्या महिन्यात त्यानं आणखी भारीतला दुसरा बसवला, आणि पहिल्याला जा म्हणालाच न्हाय. आता दोघंबी एकाच दारात उभे राहून जुनाच पासवर्ड कोंबत होते. एका आमटीत दोघी जावांनी मीठ घालावं तसं.

"मग दोघांचंबी आपोआप भरायचं बंद करा," राजेश्वरी म्हणाली.

"आणि गावाचं सगळं पुसलं गेलं म्हंजे?"

"पुसत न्हाय काका. ठेवलेलं राहतंय. नुसतं मधी मधी करत न्हाय."

तरी हा माऊस धरून बसलेला. घड्याळ पाचाकडं सरकत होतं. माझा संताप मस्तकात गेला. "शंकरप्पा, पोरीची जागा गेली तर हितंच बसून राहीन. गिऱ्हाईक फिरकू द्यायची न्हाय."

त्यानं नव्याला बंद केलं. तर जुन्यानं नावाच्या चौकटीत अमरसिंहाचं नाव आणून ठेवलं. धोंडीबाच्या या पोरानं मागल्या साली इथूनच फॉर्म भरला होता.

"आता अमरसिंह नर्स होणार व्हय रं?" मी विचारलं. "तो तर बायको घेऊन पुण्याला गेला."

शंकरप्पा ओशाळला, गुटखा थुंकला (कोपऱ्यातच!) आणि त्यानं जुन्यालाबी बंद केलं. राजेश्वरीनं दोन्ही चौकटी रिकाम्या केल्या. एकेक अक्षर दाबून लिहिलं.

साइटचं दार उघडलं. जागा पक्की झाल्याची पावती प्रिंटरातून कुरकुरत बाहेर आली. मी ती डोळ्याला लावली.

शंकरप्पाचा जीव लगेच भांड्यात पडला. "पेढे पायजेत आज्जी," म्हणत त्यानं दात काढले आणि सवयीनं किबोर्ड आपल्याकडं ओढला. "नवा पासवर्ड काय हाय पोरी? सांग, ठिवून देतो."

राजेश्वरीनं पावती घडी करून पिशवीत घातली.

"न्हाय काका," ती म्हणाली. "ध्यानात राहतंय मला."

मग ती बाहेर गेली आणि हापशावर हात धुवायला लागली. मीबी गेले.